हस्तलिखित क्रमांक सत्तावीस

"मादाम उकिडवे, तुमचा चहा पार पाणी झाला," समोरच्या टेबलावरून माझे सहपरीक्षक पिरे म्हणाले. "सत्तावीस नंबर इतका चांगला आहे, की इतका वाईट?"

मी मान वर केली. माझ्या हातात एकशे बारावं पान होतं. त्या पानावर स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यातला घड्याळजी आपल्या सात वर्षांच्या मुलीसमोर मांडी घालून जेवायला बसला होता. जेवण भातुकलीतलं. मुलीनं बोटभर उंचीच्या पितळी भांड्यांत दूधभात केला होता. घड्याळजीनं इवल्याशा ताटलीभोवती बोटानं पाणी फिरवलं, चार शितं काढून ताटलीच्या उजव्या अंगाला ठेवली आणि मगच पहिला घास घेतला. मुलीनं विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, आमच्याकडे असंच असतं.

"चांगला आहे," मी पिरेंना म्हणाले आणि गार चहा एका घोटात संपवला.

स्वित्झर्लंडमधला घड्याळजी चित्राहुती घालत होता! चित्राहुती घालणारी माणसं मी आयुष्यात ढीगभर पाहिली. पण भातुकलीच्या ताटलीलासुद्धा चित्राहुती घालणारा माणूस मला एकच माहीत होता. तो माझा नवरा, श्रीपाद. त्याला जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. मी त्या वेळी बेल्जियममधल्या नामूर नावाच्या गावात 'काळी दौत' पुरस्काराची परीक्षक म्हणून गेले होते. हा पुरस्कार फ्रेंचमधल्या रहस्यकादंबरीला देतात, पण छापलेली कादंबरी चालत नाही. हस्तलिखितच लागतं. हस्तलिखितावर नुसता नंबर असतो आणि लेखकाचं नाव लाखेनं बंद केलेल्या पाकिटात. निकाल लागल्यावरच पाकीट फोडायचं. परीक्षकांची नावंसुद्धा समारंभापर्यंत कुणाला सांगायची नाहीत. शेवटच्या फेरीतली पाच हस्तलिखितं गावातल्या जुन्या वाचनालयात ठेवलेली असतात. ती तिथंच बसून वाचायची, त्यातलं एक पानही बाहेर न्यायचं नाही. आणि पाच परीक्षकांपैकी एकाची मातृभाषा फ्रेंच असता कामा नये, असा त्यांचा नियम आहे. त्या वर्षीची ती परकी मी होते. पुण्यात मी वीस वर्षं फ्रेंच शिकवलं आणि फावल्या वेळात डझनभर फ्रेंच खूनकथा मराठीत आणल्या. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या बायका मला जरा बिचकूनच असत.

नामूरला जातेय हे मी नियमाप्रमाणे कुणालाही सांगितलं नव्हतं. लोझानला राहणाऱ्या माझ्या मुलीलाही नाही. तसं यामिनीला आणि मला सांगण्या-ऐकण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. फ्रेंच तिला मीच शिकवलं, आणि ते शिकून बाविसाव्या वर्षी ती जी गेली ती गेलीच. तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, भाषांतरांची कामं करू लागली. रविवारी फोन यायचा. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, बरं ठेवते. तीन-चार वर्षांतून एकदा यायची आणि चार दिवसांच्या वर राहायची नाही. शेजारणी म्हणायच्या, परदेशी गेलेली पोरं अशीच. मीही तेच म्हणायचे.

मी पुढं वाचत गेले. घड्याळजीचं हृदय अधू होतं. रोज एक बारीक पांढरी गोळी घ्यायची, एकाच्या दोन झाल्या तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलेलं. एका रविवारी दुपारी तो मुलीच्या भातुकलीत जेवला, तीन वाजता त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि अंधार पडायच्या आत माणूस गेला. घरी तिघंच. मुलीनं दाराआडून पाहिलं, तर बाबा आत तळमळत पडलेले आणि आई मोरीत बसून भातुकलीतला खलबत्ता घासतेय. दुसऱ्या दिवशी आईनं भातुकलीची सगळी भांडी जुन्या शालीत बांधली आणि पुलावरून नदीत टाकली. मुलगी रडली, पण आईनं कारण सांगितलं नाही. पंचवीस वर्षांनी ती मुलगीच या साऱ्याचा छडा लावते. गोळ्या आईनं कुटल्या. स्वयंपाकघरातल्या खलबत्त्याला पूड लागू नये म्हणून भातुकलीतला वापरला. ती पूड साखर म्हणून दूधभातात घातली आणि पोरीच्या हातून वाढवली.

शेवटचं पान मी तीनदा वाचलं. ती मुलगी म्हणते, 'मी घरी गेले की आई माझ्यासाठी चहा टाकते. मी म्हणते, राहू दे, माझा मी करून घेते.'

मी टेबलाची कड धरून बसले. यामिनी स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायची. भात वाढताना म्हणायची, तू जेव आधी. एकदा तिला ताप आला, मी क्रोसीनची गोळी पुढं केली, तर तिनं ती माझ्या हातून घेतली नाही. उठून पाकिटातली दुसरी फोडून घेतली. मी मनाशी म्हटलं होतं, काय ही यांची परदेशी थेरं! माझी पोटची पोर माझ्या घरात मला घाबरत होती आणि माझ्या ते गावीही नव्हतं. माझ्या पोरीच्या लेखी मी तिच्या बापाची मारेकरीण होते.

दुपारभर मी नदीकाठी फिरले. नियमाप्रमाणे मला दुसऱ्या दिवशी उठून सांगायला हवं होतं की लेखिका माझी मुलगी आहे, मला वगळा. म्हणजे मग पुढचा प्रश्न येणार, कशावरून ओळखलंत? काय सांगणार होते मी? या कादंबरीतली खुनी बाई मी आहे म्हणून ओळखलं? लोकांच्या हाती असलं कोलीत द्यायचं नसेल तर एकच मार्ग होता. सत्तावीस नंबर पाडायचा. छापलंच गेलं नाही, तर वाचणार कोण? आईला शोभणारं नव्हतं हे, पण मी ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पाचही जण गोल टेबलाभोवती बसलो. अध्यक्ष मादाम कोल्सों निवृत्त न्यायाधीश, बोलायला मऊ आणि नजर धारदार. पिरे पोलिसात चाळीस वर्षं काढलेले. उरलेले दोघे पुस्तकवाले, ते बहुतेक वेळ मान डोलवायचे. सत्तावीस नंबर निघाला तेव्हा चौघांच्याही तोंडावर हसू होतं. मी ओळखलं की बक्षीस याच्याच पदरात पडणार, आणि आधी तोंड उघडलं.

"मला ही कादंबरी पटलेली नाही."

"का बरं?" मादाम कोल्सोंनी विचारलं.

"बायकोनं नवऱ्याला मारायला काही कारण आहे का यात? भांडण नाही, दुसरी बाई नाही, पैसा नाही. तो रोज संध्याकाळी वेळेवर घरी येतो, पोरीशी भातुकली खेळतो. अशा माणसाला कोण मारेल? कारणाशिवाय खून म्हणजे पायाशिवाय घर. पहिल्या फेरीतच बाद व्हायला हवी होती."

मी माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध ज्या आवाजात परत करायचे त्याच आवाजात बोलले. दोघं पुस्तकवाले एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, जमलं. आणि मग पिरेंनी टेबलावर थाप मारली.

"अगदी बरोबर! दोन दिवस मला हेच टोचत होतं, आणि काय टोचतंय ते कळत नव्हतं. मादाम उकिडवे, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. बायकोकडे कारण नाही. का नाही? कारण तिनं मारलेलंच नाही!"

"म्हणजे?" मादाम कोल्सों म्हणाल्या.

"पोरीनं मारलं. अजाणता. बघा ना, खलबत्ता कुणाचा? पोरीचा. भांडी कुणाची? पोरीची. सात वर्षांची पोर खोटंखोटं जेवण करतेय, तिला पांढरी साखर हवीय. कपाटात बारीक पांढऱ्या गोळ्या आहेत. कुटल्या आणि घातल्या. बाप लेकीचं मन मोडायला नको म्हणून सगळं खातो. आईला ते दुपारी कळतं. आई काय करेल? खलबत्ता धुवेल. भांडी नदीत टाकेल. तोंड शिवून बसेल. चाळीस वर्षांत मी असल्या आया पाहिल्यात."

मग एक पुस्तकवाला हळूच म्हणाला, "देवा रे."

"आणि शेवट कसला जबरदस्त होईल बघा," पिरे उठून उभेच राहिले. "पोरगी सगळ्या जगभर खुनी शोधत फिरते, आईवर बोट ठेवते, आणि शेवटच्या पानावर तिला कळतं की खुनी ती स्वतःच! लेखकाला आपलं हे दिसलेलंच नाही. आपण सूचनापत्रात लिहू. बक्षीस द्या आणि शेवट बदलायला सांगा."

'काळी दौत'ची ही एक पद्धत आहे. बक्षीस मिळालेलं हस्तलिखित जसंच्या तसं छापत नाहीत. परीक्षक लेखकाला एक सूचनापत्र देतात, त्याप्रमाणे दुरुस्त्या झाल्या की मगच छापखान्यात. त्या पद्धतीचं मला फार कौतुक वाटायचं. आता तेच पत्र माझ्या यामूच्या हातात पडणार होतं.

कारण पिरे म्हणाले ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

त्या रविवारी मी साडेदहाला मंडईत गेले. आम्ही तेव्हा सांगलीला, कॉलेजजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. श्रीपाद कॉलेजात गणित शिकवायचा. मी परत आले तेव्हा बापलेकीचं जेवण आटोपलं होतं. श्रीपाद हसत म्हणाला, "तुझ्या लेकीची साखर आज कडू होती, पण सगळं संपवलं बरं का." मीही हसले. तीन वाजता तो ओकायला लागला. शेजारच्या काकांना डॉक्टरांकडे धाडलं आणि पाणी आणायला मी गॅलरीतून आत निघाले, तर वाटेत भातुकली मांडलेली. खलबत्त्याच्या तळाशी पांढरी पूड. बाजूला गोळ्यांची बाटली, रिकामी. बाटलीतला कापसाचा बोळा यामूनं बाहुलीच्या डोक्याखाली उशी म्हणून दिला होता. मी भांडी उचलली, मोरीत नेली, धुतली. पुढं डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं, आणि दिवेलागणीला सगळं संपलं. हृदय मुळात अधू होतं. दाखल्यावर तेच लिहिलं गेलं.

पोर सात वर्षांची होती. तिला कधीही कळू द्यायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, आणि पंचवीस वर्षं निभावलं होतं. आणि आता मीच माझ्या तोंडानं 'कारण नाही, कारण नाही' म्हणून बोंबलले आणि पिरेंना वाट दाखवून दिली! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. माझा पाय राहिला बाजूला, तो धोंडा माझ्या लेकीच्या डोक्यात पडणार होता.

"नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण सगळे दचकले. "शेवट बदलायचा नाही. आईनंच मारलं."

"पण तुम्हीच आत्ता म्हणालात," पिरे म्हणाले, "तिच्याकडे कारण नाही."

"कारण आहे. लेखिकेनं ते लिहिलेलं नाही, म्हणून मला राग आला होता."

"लेखिका?" मादाम कोल्सोंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाईच आहे, हे कशावरून?"

"भातुकली पुरुषाच्या इतकी लक्षात राहत नाही, मादाम."

पुस्तकवाले हसले. मादाम कोल्सों हसल्या नाहीत.

"मग सांगा ना कारण," पिरे खाली बसले आणि हाताची घडी घातली. "मला पटेल असं सांगा. नाही पटलं तर माझा शेवट जाईल पत्रात."

मला दोन मिनिटंही मिळाली नव्हती. मी डोळ्यांपुढं आलं ते सांगत सुटले.

"घड्याळजीची बायको हुशार आहे. लग्नाआधी शिकलेली. सात वर्षं ती घरात भांडी घासतेय आणि दुपारी चोरून पुस्तकं वाचतेय. एक दिवस तिला पत्र येतं. परदेशातल्या विद्यापीठाचं. वर्षभराची शिष्यवृत्ती. ती ते पत्र नवऱ्याच्या हातात देते. नवरा चिडत नाही, ओरडत नाही. तो म्हणतो, 'वा, छान. पण पोरीला कोण बघणार?' आणि विषय संपला. तो चांगला माणूस आहे, म्हणून तर तिला भांडताही येत नाही. त्यांच्याकडे एक टेबल असतं, एका पायानं लंगडं. दुसऱ्या दिवशी ती केर काढायला वाकते, तर ते पत्र पाकिटासकट चार घड्या करून टेबलाच्या पायाखाली सरकवलेलं. परदेशी तिकीट बाहेर दिसतंय. त्यानं मुद्दाम केलेलं नाही. टेबल डुगडुगत होतं, हाताला कागद लागला, लावला. पत्राची मुदत संपेपर्यंत ती रोज त्या टेबलावर जेवते. टेबल अजिबात हलत नाही."

मी थांबले. हात मांडीवर दाबून धरले.

ही सगळी हकीकत खरी होती. तेवढ्यावरून मी कुणाला मारलं नाही, इतकंच. राग आला होता. महिनाभर मी त्याच्या आमटीत मीठ जास्त घातलं, त्यापलीकडे माझी मजल गेली नाही.

पिरेंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "पटलं," ते म्हणाले. "टेबल हलत नाही, हे फार वाईट आहे. पटलं."

"मग सूचनापत्र तुम्हीच लिहा," मादाम कोल्सों म्हणाल्या.

मी वाचनालयात बसून दीड पान लिहिलं. आई खुनी, शेवट बदलू नये, फक्त कारण घालावं. स्वतःवरचं आरोपपत्र इतक्या सुबक अक्षरात कुणी लिहिलं नसेल. सत्तावीस नंबर एकमतानं निवडला गेला आणि मादाम कोल्सोंनी पाकीट फोडलं. "यामिनी रोशा, लोझान," त्यांनी वाचलं. "हे नाव भारतीय आहे ना? ओळखता का तुम्ही?"

"भारतात शंभर कोटी लोक राहतात, मादाम," मी म्हणाले.

समारंभ शनिवारी होता. विजेता शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि आल्याबरोबर त्याला सूचनापत्र देतात. ते टाइप केलेलं असतं आणि त्याखाली सह्या नसतात. शुक्रवारी मी डोकं दुखतंय म्हणून खोलीतच बसून राहिले. शनिवारी मंचावर आमची गाठ पडणारच होती, तोवर टाळावं एवढाच विचार. पण मला एक ठाऊक नव्हतं. विजेत्याला त्याच हॉटेलात उतरवतात.

सकाळी आठला मी नाश्त्याच्या खोलीत एकटी होते. दार उघडलं आणि यामिनी आत आली. तिच्या हातात ते दीड पान होतं. मला बघून ती दचकली नाही. रात्रभर जागलेल्या माणसाचा चेहरा होता तिचा.

"मला वाटलंच होतं, तू इथं असशील," ती समोरची खुर्ची ओढून बसली. "टेबलाखालचं पत्र मी कादंबरीत घातलं नव्हतं, आई. ते मला आठवत होतं. लाल तिकीट होतं. मी ते काढायला गेले तर तू मला ओरडली होतीस. हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत असेल?"

लिहिताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या खूनकथा भाषांतरित केल्या, पण मुद्देमाल मागं ठेवू नये एवढंही मला शिकता आलं नाही.

"म्हणजे तू वाचलंस सगळं."

"वाचलं."

"आणि मलाच बक्षीस दिलंस."

"चौघांनी दिलं. मी पाडायला निघाले होते."

ती हसली नाही. तिनं पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. बोटं पांढरी पडली होती. "आई, मी तुला एक विचारते. मला खरं सांग. मी ते पुस्तक का लिहिलं माहितेय? तू केलंस असं मला वाटतं म्हणून नाही. तू केलंस असं मला वाटायला हवं होतं म्हणून. तू खलबत्ता घासत होतीस ते आठवतं, पण त्याच्या आधीचं धड काही आठवत नाही. एकच आठवतं, कुटल्याचा आवाज. ठक, ठक, ठक. रोज झोपताना येतो. आणि तो बत्ता कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. मी होते का? मीच बाबांना..."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती मला घाबरते. ती स्वतःला घाबरत होती. माझ्या हातचा चहा नाकारून ती रोज स्वतःला सांगत होती की मारणारी मी नव्हे, ही.

"नाही," मी म्हणाले. "तू झोपाळ्यावर बसून बाहुलीची वेणी घालत होतीस. बत्ता माझ्या हातात होता."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

"तू कुटल्यास गोळ्या."

"हो."

"का?"

"तुझ्या हाताखाली लिहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यातच तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत गेला. लहानपणी ताप उतरल्यावर दिसायची तशी दिसली मला ती.

"मी तुला कधीही माफ करणार नाही," ती म्हणाली.

"नको करूस."

तिनं डोळे पुसले, उठली, ताटली भरून घेतली आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. पाव, लोणी, दोन अंडी, परत पाव. मी समोर गार होत जाणारी कॉफी घेऊन बघत होते. आई खुनी निघाली आणि माझी पोर पोटभर जेवत होती. इतक्या मोकळेपणानं खाताना मी तिला पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मंचावर परीक्षकांची ओळख झाली. यामिनीनं सगळ्यांशी हात मिळवला. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "धन्यवाद, मादाम." मी म्हणाले, "अभिनंदन, मादाम." पिरेंनी माझ्या कानात विचारलं, "ओळख निघाली का काही?" मी नकारार्थी मान हलवली. बक्षीस परत घेतलं जाईल म्हणून ती गप्प राहिली की माझी लाज राखली, ते मला अजून कळलेलं नाही.

कादंबरी छापली गेली. टेबलाखालचं पत्र त्यात आहे, माझ्याहून तिनं चांगलं लिहिलंय. रविवारचा फोन बंद झाला. तिला मुलगा झाला हे मला लोझानच्या ओळखीच्यांकडून कळलं. ती आता शांत झोपते असंही त्यांच्याकडूनच कळलं, आणि मी दार लावून खूप रडले.

हे सगळं मी फक्त एकाच मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, केवढं खोटं बोललीस गं पोरीसाठी, आईच ती! मी तिला पुढचं सांगितलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा साडेतीन वाजले होते. खलबत्ता धुऊन मी नुकतीच खोलीत आले होते, हात अजून ओले होते. त्यांनी नाडी धरली आणि मला विचारलं, "गोळी किती घेतली आज? जास्त नाही ना गेली? खरं सांगा, आत्ता मिरजेला हलवलं तर पोट धुता येईल." यामू दारात उभी होती, बाहुली काखेत धरून.

"नेहमीसारखी एकच," मी म्हणाले.

श्रीपाद शुद्धीवर होता. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या यामूकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांना तो काही बोलला नाही.